मांडीजवळच्या त्या उभ्या पट्टीसाठी एवढे खटले: डायपरची रचना आणि पेटंटचे वाद

ओवी१

एक कोरा डायपर टेबलावर उलगडा, आतली बाजू वर ठेवा आणि दोन्ही टोकं धरून ताणा. मांडीकडच्या कडेला दोन वेगवेगळी इलॅस्टिक दिसतील. एक अगदी बाहेरच्या काठात, मांडीभोवती बसणारं. दुसरं थोडं आत, नॉनवोव्हनच्या (न विणता बनवलेल्या कापडाच्या) एका अरुंद पट्टीत घातलेलं. ही पट्टी एका बाजूने डायपरला चिकटलेली असते, दुसरी बाजू सुटी. आता ताण सोडा. आतलं इलॅस्टिक आखडतं, पट्टी उभी राहते आणि शोषक भागाच्या दोन्ही अंगांना बांध तयार होतो. पातळ शी बाहेर येत नाही ती मुख्यतः या बांधामुळे.

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यामुळे हे रोज हाताळते. कुठला डायपर का गळतो हे शोधता शोधता मी पेटंटच्या खटल्यांपर्यंत पोचले आणि जे वाचलं ते इथे मांडल्याशिवाय राहवेना. ही सगळी भांडणं अमेरिकेतली आहेत.

थोडक्यात क्रम असा. १९७५ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या केनेथ ब्यूएल यांना मांडीकडच्या बाजू आखडणाऱ्या डायपरचं पेटंट मिळालं. पुढच्या वर्षी याच कंपनीचे इलॅस्टिकवाले लव्ह्ज बाजारात आले आणि १९७८ मध्ये किम्बर्ली-क्लार्कचे हगीज. मग आतल्या उभ्या पट्टीची पाळी आली. २२ सप्टेंबर १९८७ ला प्रॉक्टरच्या लॉसन यांना 'दुहेरी कफ'चं पेटंट मिळालं. ३ नोव्हेंबर १९८७ ला, म्हणजे बरोबर सहा आठवड्यांनी, किम्बर्ली-क्लार्कच्या एन्लो यांना 'इलॅस्टिकच्या बाजूच्या खिशां'चं. दोन्ही पेटंटमधली चित्रं शेजारी ठेवून पाहिली तर माझ्यासारखीला फरक सांगता येणार नाही.

हे दोन बलाढ्य प्रतिस्पर्धी वर्षानुवर्षं कोर्टात भांडले आणि शेवटी आपसात तडजोड करून मोकळे झाले. दोघांकडेही पेटंटचा साठा होता, देण्याघेण्याला काहीतरी होतं. ज्यांच्याकडे तो नव्हता त्या पॅरागॉन ट्रेड ब्रँड्स नावाच्या कंपनीवर दिवाळखोरीची पाळी आली. दुकानांच्या स्वतःच्या नावाने विकले जाणारे स्वस्त डायपर ही कंपनी बनवायची. मला हे अन्यायाचं वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते वाचायचं आहे.

राजाभाऊ_के

उत्तम धागा. माझी शंका अगदी प्राथमिक आहे. कापडाला इलॅस्टिक लावायची रीत जुनी. परकराच्या, चड्डीच्या नेफ्यात ते कधीपासूनच आहे. मग डायपरला इलॅस्टिक लावलं म्हणून पेटंट कसं काय मिळतं? यात शोध कुठला?

सुईदोरा

राजाभाऊ, नॉनवोव्हनच्या यंत्रांवर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून सांगतो.

सुरुवातीचे पॅम्पर्स आयताकृती होते, चुण्या घालून घडी केलेले. डंकन आणि बेकर यांचं १९६५ चं पेटंट त्याच प्रकारचं आहे. मधली गादी लाकडाच्या लगद्याची, जाड आणि ताठर. अशा गादीवर इलॅस्टिक ओढून लावलं तर गादीच चुरगळते, तिच्यात भेगा पडतात आणि ओल त्या भेगांमधून वाट काढते. म्हणजे गळती थांबवायला लावलेलं इलॅस्टिकच गळती वाढवतं. ब्यूएलनी गादी मध्येच संपवली. तिच्या बाहेर फक्त वरचा थर आणि खालचा प्लास्टिकचा थर शिल्लक ठेवला आणि इलॅस्टिक त्या मोकळ्या, लवचिक पट्ट्यात घातलं. बाजू आखडतात, गादी सपाट राहते. आज हे कोणालाही सुचेल असं वाटतं, पण त्याआधी बाजारात आलेला माल बघा.

दुसरा भाग यंत्राचा. इलॅस्टिक ताणलेल्या अवस्थेत, पळत्या थरावर, ठराविक लांबीतच चिकटवायचं आणि पुढेमागे ते मोकळं सोडायचं. मिनिटाला शेकडो नग निघत असताना हे जमवणं सोपं नाही. आतल्या उभ्या पट्टीत तर अजून कसरत आहे, कारण पट्टीची सुटी कड कुठेही खाली चिकटून चालत नाही आणि पुढची-मागची टोकं मात्र खाली चिकटलेलीच हवीत. ती टोकं उघडी राहिली की सगळं पाठीकडून बाहेर येतं. ओवीताई, तुमचा एखादा डायपर पाठीकडून गळत असेल तर आधी ती टोकं तपासा.

वकिलीण

सुईदोरा यांनी तांत्रिक बाजू सांगितली, मी कायद्याची सांगते.

राजाभाऊंचा प्रश्न पेटंट कायद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. 'हे तर कुणालाही सुचलं असतं' हे ठरवायचं कसं? यातला 'कुणीही' म्हणजे त्या क्षेत्रातलं साधारण कौशल्य असलेलं माणूस. या मोजमापावरचा एक महत्त्वाचा निकाल याच व्यवसायातून आला आहे. १९८४ चा किम्बर्ली-क्लार्क विरुद्ध जॉन्सन अँड जॉन्सन हा खटला सॅनिटरी नॅपकिनला चिकटपट्टी कशी लावायची यावर होता. त्याआधी कोर्टं असं गृहीत धरायची की संशोधकाला जुनं सगळं तंत्रज्ञान माहीत असतं. फेडरल सर्किटने, म्हणजे पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या कोर्टाने, सांगितलं की ही कल्पना सोडून द्या. प्रत्यक्ष संशोधकाला काय ठाऊक होतं हे पाहू नका. साधारण कौशल्याच्या माणसासमोर जुनी माहिती ठेवली तर त्याला हे सुचलं असतं का, एवढंच पाहा.

आणि उल्लंघन चित्रावरून ठरत नाही. ओवी१, तुम्ही दोन चित्रं शेजारी ठेवलीत, कोर्ट तसं करत नाही. पेटंटच्या शेवटी क्लेम असतात, आकडे घातलेली लांबलचक वाक्यं. क्लेममध्ये पाच घटक असतील तर समोरच्याच्या मालात पाचही असावे लागतात, निदान त्यांच्या तोडीचं काहीतरी. एक घटक नसला तर उल्लंघन नाही. म्हणून या खटल्यांत दिवसेंदिवस एकेका शब्दावर खल चालतो. पट्टीच्या 'सुट्या कडे'ला नेमकं काय म्हणायचं, ती गादीच्या कुठल्या बाजूला जोडलेली हवी, पातळ पदार्थ अडवते म्हणजे किती अडवते.

मेघश्याम

ओवी१, कळकळ समजली, पण मला पटलं नाही. पेटंट नसतं तर हा डायपर झालाच नसता. मॅरियन डोनोव्हन यांची गोष्ट घ्या. पिनांऐवजी स्नॅप बटणं लावलेलं जलरोधक लंगोट-आवरण त्यांनी तयार केलं, १९५१ मध्ये पेटंट मिळालं आणि हक्क दहा लाख डॉलरला विकले गेले. घरात शिवणयंत्रावर बसून काम करणाऱ्या बाईला मोठ्या कारखानदारांसमोर उभं राहायचं बळ त्या कागदाने दिलं. ब्रिटनमध्ये व्हॅलेरी हंटर गॉर्डन यांनी जुन्या पॅराशूटच्या नायलॉनपासून 'पॅडी' नावाचं लंगोट-आवरण बनवलं, त्यांनीही पेटंटसाठी १९४८ मध्येच अर्ज केला होता.

आणि खर्च बघा. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या पिओरिया शहरात पॅम्पर्सची चाचणी झाली तेव्हा एका नगाची किंमत दहा सेंट ठेवली होती आणि लोकांनी घेतले नाहीत. किंमत सहा सेंटपर्यंत आणण्यासाठी यंत्रं नव्याने बांधावी लागली. एवढं सगळं करून झाल्यावर तिसऱ्याने तयार माल उकलून बघावा आणि तसाच बनवावा, हे चालेल का?

ओवी१

मेघश्याम, डोनोव्हनबाईंबद्दल पूर्ण सहमत. त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण त्यांचीच पुढची गोष्ट पाहा. टाकून द्यायच्या, कागदाच्या डायपरची कल्पना घेऊन त्या कारखानदारांकडे गेल्या तेव्हा कुणी उभं केलं नाही. पेटंट हातात असलं तरी यंत्रं आणि भांडवल ज्याच्याकडे आहे तोच ठरवतो.

पॅरागॉनबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझ्या रागाचं मूळ तिथे आहे.

वेयरहॉयझर या लाकूड आणि लगद्याच्या मोठ्या कंपनीचा डायपरचा धंदा होता. १९९३ मध्ये तो वेगळा काढून पॅरागॉन ही कंपनी शेअर बाजारात आणली. कर्मचारी, यंत्रं, गिऱ्हाईकं, सगळं नव्या कंपनीकडे गेलं. त्या डायपरला आतल्या उभ्या पट्ट्या होत्याच, कारण तोपर्यंत त्याशिवाय डायपर विकला जात नव्हता. प्रॉक्टरने लॉसन पेटंटवरून डेलावेअर राज्यातल्या कोर्टात दावा लावला. ३० डिसेंबर १९९७ ला निकाल लागला: पेटंट वैध, उल्लंघन सिद्ध, भरपाई सुमारे १७.८ कोटी डॉलर. आठवडाभरात, ६ जानेवारी १९९८ ला, पॅरागॉनने दिवाळखोरी कायद्याच्या अकराव्या प्रकरणाखाली धनकोंपासून संरक्षण मागितलं. किम्बर्ली-क्लार्कनेही एन्लो पेटंट घेऊन वेगळा खटला भरलेला होताच. शेवटी दोघांशी तडजोड झाली. प्रॉक्टरचा १५.८५ कोटींचा आणि किम्बर्ली-क्लार्कचा ११ कोटींचा दावा मान्य करावा लागला, वर पुढच्या विक्रीवर रॉयल्टी.

म्हणजे एका पट्टीसाठी दोन मालकांना पैसे. आधी ते दोघं एकमेकांना 'ही पट्टी माझी' म्हणत होते. त्यांनी आपसात मिटवलं आणि मग दोघांनी तिसऱ्याकडून वसूल केलं. त्या दोघांची तडजोडच स्पर्धा मारणारी आहे असा प्रतिदावा पॅरागॉनने केला होता, त्याने कंपनी वाचली नाही.

वकिलीण

ओवी१, शेवटचा परिच्छेद भावनेने बरोबर, पण त्यात एक दुवा राहिलाय आणि तो फार बोलका आहे.

तेव्हा अमेरिकेत 'आधी शोध लावेल त्याचं पेटंट' असा नियम होता, आधी अर्ज करेल त्याचं नव्हे. तो बदलला १६ मार्च २०१३ पासून. त्यामुळे लॉसन आणि एन्लो यांच्यात आधी कोण, हे प्रयोगशाळेच्या वह्यांवरून ठरवावं लागायचं: तारखा, साक्षीदारांच्या सह्या, शिवून पाहिलेले नमुने. आपला शोध आधीचा ठरवायला प्रॉक्टरला लॉसनच्या तारखेच्या मागे जायची गरज होती. त्यांनी सांगितलं की आमच्याच कंपनीत ब्यूएल आणि ब्लेव्हिन्स यांनी लॉसनच्या आधी याच दिशेने काम केलं होतं, तेव्हा तिघांना संयुक्त संशोधक समजा.

१९९२ मध्ये फेडरल सर्किटने हे नाकारलं. एकमेकांच्या कामाचा पत्ता नसलेली, वेगवेगळ्या वेळी स्वतंत्रपणे काम करणारी माणसं संयुक्त संशोधक ठरत नाहीत. काहीतरी सहकार्य लागतं. एकाने दुसऱ्याचा अहवाल वाचून त्यावर पुढचं काम केलं असेल, बैठकीत कुणाची सूचना ऐकली असेल, इतकं तरी. एकाच कंपनीचा पगार घेणं पुरत नाही. हा निकाल आजही संयुक्त संशोधनाच्या प्रत्येक वादात काढला जातो. औषधांच्या, सॉफ्टवेअरच्या खटल्यांत वकील डायपरचा निकाल वाचून दाखवतात.

मला यातून दिसतं ते असं की एकाच कंपनीत तीन माणसं आणि शिवाय प्रतिस्पर्ध्याकडे एक, अशी चार माणसं काही वर्षांच्या अंतराने त्याच पट्टीपाशी पोचली. मग राजाभाऊंचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. चौघांना सुचलेली गोष्ट 'साधारण कौशल्याच्या माणसाला' सुचली नसती, हे किती खात्रीने म्हणायचं? कायद्याने उत्तर दिलं, पेटंट वैध ठरलं. माझं मन अजून तिथे अडतं.

सुईदोरा

वकिलीणबाई, या धंद्यात हे वरचेवर होतं. सुपर अॅब्सॉर्बंट पॉलिमरचंच घ्या, म्हणजे ओलं झाल्यावर जेलीसारखी फुगणारी ती साखरेएवढी पांढरी कणी. डाऊ केमिकलच्या हार्पर आणि सहकाऱ्यांचं पेटंट १३ जून १९७२ चं, जॉन्सन अँड जॉन्सनच्या बाजूच्या हार्मन यांचं २० जून १९७२ चं. एका आठवड्याचं अंतर. दोघांनी अर्ज केले होते १९६६ मध्येच. आणि डायपर पातळ झाले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, ऐंशीच्या दशकात. जपानमध्ये युनिचार्मने १९८२ च्या सुमाराला ही कणी वापरली, प्रॉक्टरच्या वाइजमन-गोल्डमन यांचं दाट गादीचं पेटंट १९८६ चं.

सांगायचा मुद्दा, गरज सगळ्यांना एकाच वेळी टोचत असते आणि कच्चा मालही सगळ्यांना एकाच वेळी मिळायला लागतो. पातळ, मऊ, पाणी अडवणारं नॉनवोव्हन स्वस्तात मिळेपर्यंत उभ्या पट्टीचा विचार करून उपयोग नव्हता. ते मिळायला लागलं आणि सगळे तिकडे धावले.

पाऊलवाट

वाचतेय. सगळ्यांचे प्रतिसाद आवडले. डायपरच्या पेटंटवरून सुप्रीम कोर्टातही काहीतरी झालं ना? 'उशीर केला म्हणून हक्क गेला' अशा अर्थाचं काही वाचल्याचं आठवतंय.

वकिलीण

हो, एससीए हायजीन विरुद्ध फर्स्ट क्वालिटी, दोन्ही डायपर बनवणाऱ्या कंपन्या. निकाल मात्र उलटा आहे: उशीर केला तरी हक्क गेला नाही.

इथे माल म्हणजे मोठ्यांचा पँटसारखा चढवायचा डायपर. ऑक्टोबर २००३ मध्ये एससीएने फर्स्ट क्वालिटीला पत्र पाठवलं की तुमचा माल आमच्या पेटंटमध्ये बसतो. फर्स्ट क्वालिटीने उत्तर दिलं की तुमच्या आधीचं वातानाबे पेटंट पाहा, त्यात हीच रचना आहे, तेव्हा तुमचं पेटंटच अवैध. त्यावर एससीए गप्प बसली. पण २००४ मध्ये तिने स्वतःच पेटंट ऑफिसकडे वातानाबेच्या संदर्भात फेरतपासणी मागितली. मार्च २००७ मध्ये पेटंट वैध ठरून बाहेर आलं. हे फर्स्ट क्वालिटीला कुणी कळवलं नाही. खटला भरला ऑगस्ट २०१० मध्ये. मधल्या काळात फर्स्ट क्वालिटीने यंत्रांत पैसे घातले, उत्पादन वाढवलं.

खालच्या कोर्टाने म्हटलं, इतका अवाजवी उशीर केल्यावर भरपाई मागता येणार नाही. फेडरल सर्किटच्या पूर्ण पीठाने २०१५ मध्ये सहा विरुद्ध पाच असं तेच कायम ठेवलं. २१ मार्च २०१७ ला सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध एक मतांनी ते उलटवलं. न्या. अलिटो यांनी लिहिलं की काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायद्यातच सहा वर्षांची मर्यादा घालून दिली आहे: दावा दाखल करण्यापूर्वीच्या सहा वर्षांतल्या उल्लंघनाची भरपाई मागता येते. त्या मुदतीच्या आत 'तू उशीर केलास' म्हणून न्यायाधीशांनी स्वतःच्या अधिकारात भरपाई नाकारायची नाही. एकटे न्या. ब्रेयर विरोधात होते.

फर्स्ट क्वालिटीच्या हातात एक बचाव तरीही राहिला. पेटंटधारकाच्या वागण्यामुळे समोरच्याची दिशाभूल झाली आणि त्यावर विसंबून त्याने पैसे गुंतवले, असं सिद्ध केलं तर दावा अडतो. नुसता उशीर आणि दिशाभूल यांत कायदा फरक करतो.

ओवी१

इथे मी ब्रेयर यांच्या बाजूची आहे. पेटंटधारकाने वाट पाहायची, समोरचा मोठा होऊ द्यायचा, त्याची यंत्रं बसू द्यायची आणि मग दावा ठोकायचा. तोवर त्याला रचना बदलणं परवडत नाही. सुरुवातीलाच सांगितलं असतं तर त्याने बाजूचा सांधा वेगळा केला असता. ब्रेयर यांचं म्हणणं साधारण याच अंगाने जातं: सहा वर्षांची मर्यादा मागे किती जायचं ते सांगते, पुढे किती वर्षं थांबायचं त्याला तिच्यात आळा नाही.

मेघश्याम

पण ओवी१, पत्र तर २००३ मध्ये पाठवलंच होतं. फर्स्ट क्वालिटीला पेटंट माहीत होतं. पेटंट ऑफिसची फेरतपासणी ही जाहीर नोंद असते, कुणीही पाहू शकतं. धंदा वाढवण्याआधी त्यांच्या वकिलांनी ती पाहायला हवी होती. आणि पॅरागॉनचंही तसंच. लॉसन पेटंट १९८७ चं, कंपनी शेअर बाजारात आली १९९३ मध्ये. शेअर घेणाऱ्यांना कुणी फसवलं असेल तर ते प्रॉक्टरने नाही.

ओवी१

हा मुद्दा मान्य आणि तिथे कोर्टानेही जवळपास हेच धरलं. दिवाळखोरीनंतर पॅरागॉनच्या वतीने वेयरहॉयझरवर दावा झाला: धंदा सोपवताना तो चालवायला लागणारे सगळे हक्क सोबत आहेत अशी हमी होती, ती खोटी निघाली. दिवाळखोरी न्यायालयाने हमीभंग मान्य केला आणि २००५ मध्ये ४५ कोटी डॉलरहून मोठी भरपाई ठरवली. मूळ प्रॉक्टरच्या निकालातल्या रकमेच्या अडीचपट. धनकोंना त्याचा उपयोग झाला असेल. पण तोपर्यंत पॅरागॉनचा धंदा दुसऱ्याच्या हातात गेला होता.

तरी माझा मूळ आक्षेप शिल्लक राहतोच, मेघश्याम. मी कुणी चोरी करावी म्हणत नाही. सतरा वर्षं एखादी पट्टी दोनच कंपन्यांच्या मर्जीवर राहिली तर स्वस्त डायपर एकतर त्या पट्टीशिवाय निघतो, म्हणजे गळतो, किंवा रॉयल्टी भरून महाग होतो. ज्याला दिवसातून पाच-सहा बदलायला लागतात त्याच्या कातडीवर आणि खिशावर ते उतरतं. रॉयल्टीचा दर ठरवताना कोर्टात दोन कंपन्यांचे तज्ज्ञ बोलतात. वापरणाऱ्याच्या वतीने कुणी नसतं.

वकिलीण

याला कायद्यात एक छोटी फट आहे. ईबे कंपनीच्या खटल्यातल्या सुप्रीम कोर्टाच्या २००६ च्या निकालानंतर उल्लंघन सिद्ध झालं की माल विकायला मनाई आपोआप मिळत नाही. न्यायाधीशांना चार गोष्टी तपासाव्या लागतात आणि त्यातली एक सार्वजनिक हित. वैद्यकीय साधनांच्या खटल्यांत हा मुद्दा घेतला जातो. मोठ्यांच्या डायपरसाठीही तो घेता यायला हवा असं माझं मत. पण तिथेही मनाई टळते, भरपाई टळत नाही.

राजाभाऊ_के

बरीच नवी माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. शेवटची शंका: ती उभी पट्टी आता कुणाची?

सुईदोरा

कुणाचीच नाही. ब्यूएलची मुदत १९९२ मध्येच संपली, लॉसन आणि एन्लोचीही केव्हाच संपली. आज कुठल्याही कारखान्याने लावावी, लावतातच. आता पेटंट निघतात ती पँटच्या बाजूचा सांधा उघडून पुन्हा बंद कसा करायचा यावर, गादीत ओल पसरवणाऱ्या खाचांवर, कंबरेच्या ताणणाऱ्या पट्ट्यावर. किम्बर्ली-क्लार्क आणि फर्स्ट क्वालिटी यांच्यात २००९ पासून पुन्हा बंद करता येणाऱ्या पँटवरून खटला चालला तो यातलाच.

ओवीताई, मुदत स्वतः काढायची असेल तर अशी काढा. अर्ज ८ जून १९९५ च्या आधीचा असेल तर पेटंट मिळाल्यापासून सतरा किंवा मूळ अर्जापासून वीस, यातली जी मुदत उशिरा संपेल ती, मात्र त्या तारखेपर्यंत पेटंटची मुदत संपलेली नसावी. त्यानंतरच्या अर्जांना अर्जापासून वीस वर्षं. मधली शुल्कं भरली नसतील तर त्याआधीच संपतं. आणि वकिलीणबाई म्हणाल्या तसं, चित्रं सोडून सरळ शेवटच्या पानांवर जा. पहिला क्लेम वाचा, त्यातला एकेक घटक टेबलावरच्या डायपरमध्ये शोधा. पाठीकडच्या टोकांचं काय झालं तेही कळवा.